फाटक उघडं होतं

फाटक पडलं की जीपा थांबतात, जीपा थांबल्या की आम्ही ड्रायव्हर लोक खाली उतरतो, आणि खाली उतरलं की कुणीतरी आण्णांच्या केसचं काढतंच. मालगाडी लांबलचक असली तर दोन किस्से होतात! मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून मी नुसता ऐकत आलोय. पण आता इतके साठलेत की लिहूनच काढतो. शाळा नववीतच सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

धाराशिवजवळच्या एका रेल्वे फाटकाच्या अलीकडं आमचा जीपचा स्टँड आहे. आण्णा आमच्यातले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. मूळचे उमरग्याकडचे. राग आला की कानडीत बोलतात. काय बोलले ते आम्हाला कळत नाही, त्यामुळं भांडण होत नाही!

अपघाताच्या दिवशी आण्णा विहीणबाईंना, म्हणजे लेकीच्या सासूला, सोडायला निघाले होते. फाटक उघडं होतं. जीप रुळावर गेली आणि इंजिन आलं. जीपचा मागचा भाग गेला, आण्णांचा पाय मोडला आणि विहीणबाईंचा हात. जीव वाचले, पण विहीणबाईंनी जाहीर केलं, "ज्याला एवढी मोठी रेल्वे दिसत न्हाय, त्याच्या घरी माझी सून जायची न्हाय!"

तेव्हापासून लेक माहेरी आलेली नाही. आण्णांनी सरकारवर दावा लावला. वकिलांनी विचारलं, "भरपाई किती मागायची?"

आण्णा म्हणाले, "ते तुमी ठरवा. चूक माझी नव्हती, एवढं जजसाहेबाच्या सहीनं पायजे. विहीणबाईला दाखवायचंय!"

*

स्टँडवर मात्र कुणी दयामाया दाखवली नाही. आण्णा काठी टेकत आले की पोरं ओरडायची, "आण्णांनी रेल्वेला धडक दिली!"

ड्रायव्हरांपैकी एकटे रहीमचाचा आण्णांची बाजू घ्यायचे. "गप बसा रे! रेल्वेनं कट मारला आण्णाला. इंडिकेटर बी दिला न्हाय!"

*

मग सरकारची उत्तरं आली. रेल्वे म्हणाली, फाटकवाला ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार म्हणाला, गाडी निघाल्याचा फोनच स्टेशनातून आला नाही. स्टेशन म्हणालं, फोन केला होता, लाइन खराब असेल. रस्त्याचं खातं म्हणालं, रस्ता आमचाच आहे, पण रुळाच्या अलीकडचा आणि पलीकडचा. मधला नाही!

वकील एकेक कागद वाचून दाखवत होते. आण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, पाय तरी माझा हाय का, तेवढं बघा त्यात!"

*

सरकारकडून भरपाई मागता येते म्हटल्यावर आमच्यातल्या बबनला हुरूप आला. त्याची म्हैस मागं रुळावर गेली ती गेलीच. बबन इस्त्रीचा शर्ट घालून थेट स्टेशनात गेला.

"साहेब, रेल्वेखाली म्हैस गेली तर सरकार काय देतं?"

साहेब म्हणाले, "देत नाही, घेतं. जनावर रुळावर सोडलं म्हणून मालकाला दंड! कुणाची होती म्हैस?"

बबन म्हणाला, "तेच इचारायला आलतो, साहेब. गावात कुणालाच ठाव न्हाय!"

*

अपघाताच्या वेळी माझी जीप आण्णांच्या मागंच होती, म्हणून मी साक्षीदार. वकिलांनी दहा वेळा बजावलं, "विचारलं तेवढंच. हो किंवा नाही. वर एक शब्द नको."

पिंजऱ्यात उभा राहिलो.

"नाव काय तुमचं?"

"हो."

"वय?"

"नाही."

जजसाहेबांनी मला पाणी द्यायला लावलं. त्यानंतर, फाटक उघडं होतं एवढं मात्र मी नीट सांगितलं. बाहेर आल्यावर आण्णांनी पाठ थोपटली. "शाब्बास! नाव सोडून सगळं खरं बोललास!"

*

विहीणबाईंची साक्ष ऐकायला तर सगळा स्टँड बंद ठेवून आम्ही गेलो होतो. त्या लोहाऱ्याहून एस्टीनं आल्या आणि आण्णांकडं पाठ करून बसल्या. रेल्वेच्या वकिलांना वाटलं, बाई चिडलेली आहे, आपलं काम झालं.

"बाई, तुमचे व्याही गाडी जोरात चालवत होते ना?"

"जोरात?" विहीणबाई म्हणाल्या. "ह्यांची जीप जोरात असती तर रेल्वे यायच्या आत पल्याड पोचलो नसतो व्हय? वाटंत मागनं बैलगाडीवाला वरडत होता, बाजूला घ्या म्हणून!"

टाइप करणाऱ्या बाईसुद्धा हसल्या. आण्णांची केस बळकट झाली, पण ड्रायव्हर म्हणून इज्जत गेली!

बाहेर आण्णांनी हसत चहाचा कप पुढं केला. विहीणबाईंनी तो घेतला नाही. रहीमचाचांना म्हणाल्या, "त्यांना सांगा, साक्ष खरी द्यायची म्हणून दिली. सून यायची न्हाय ती न्हायच."

*

शेवटी रेल्वेच्या वकिलांनी मोठा मुद्दा काढला. फाटक उघडं होतं म्हणून काय झालं? शहाण्या माणसानं गाडी थांबवावी, खाली उतरावं, रुळापर्यंत चालत जावं, दोन्हीकडं बघावं आणि मगच गाडी पुढं न्यावी! आण्णांनी यातलं काही केलं नाही, म्हणून चूक आण्णांची.

जजसाहेब म्हणाले, "चला, जागाच बघू. साक्षीदारांनाही घ्या."

फाटकापलीकडं लिंबाची सावली आहे, गाड्या तिथं लावायच्या ठरल्या. पुढं जजसाहेबांची गाडी, मागं रेल्वेचे साहेब आणि त्यांचे वकील, त्यामागं आमचे वकील. सगळ्यांत शेवटी माझी जीप. आण्णा माझ्या शेजारी. दुसरी गाडी नव्हती म्हणून विहीणबाई मागं, पार कोपऱ्यात, तोंड फिरवून.

फाटक उघडं होतं. पहिली गाडी सरळ गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. मीही गिअर टाकला, तेवढ्यात आण्णांनी माझा हात धरला.

"थांब."

काठी टेकत ते खाली उतरले आणि एकेक पाऊल टाकत रुळापर्यंत गेले. पलीकडं सावलीत सगळे उतरून आमच्याकडं बघत होते. आण्णांनी मान वाकडी करून डावीकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग उजवीकडं वळायला त्यांनी काठी उचलली आणि दुखरा पाय जागीच अडखळला.

माझ्यामागं जीपचं दार वाजलं. विहीणबाई पदर खोचून खाली उतरल्या, तरातरा रुळापर्यंत गेल्या आणि आण्णांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"तुमी तिकडंच बघा, व्याही," त्या म्हणाल्या. "इकडचं म्या बघते."