बाजेचा पायथा

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आन् वाचाही गेली. चार महिने झाले, एक शब्द न्हाई. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याशी बोलत राहा, कशावर तरी बोलतील." कशावर? मी काय देव हाय?

मी रांजणगावला कारखान्यात. यंत्रं इटलीची, म्हणून इटालियन शिकत होते. रविवारी कारेगावच्या खोलीवरून दौंडला एसटी बदलून पाटसला घरी यायचं आन् आबांपुढं वही उघडून धडा वाचायचा. बोलायला दुसरं होतं काय!

त्या रविवारी धडा विणण्याचा. "आबा, विणणं म्हणजे तेस्सेरे. एकमेकांत गुंतवणं म्हणजे इंत्रेच्चारे. इंग्रजीत वीव्ह, प्लॅट, एंटवाइन, इंटरलेस..." वाचता वाचता मीच थक्क झाले. आपण दोर वळतो, वेणी घालतो, गजरा गुंफतो, बाज विणतो. कुठली माणसं, कुठला मुलूख, आन् दोन धागे एकत्र आणायला सगळ्यांना एवढे शब्द लागतात!

आबा मात्र छताकडं बघत होते. अख्ख्या आळीच्या बाजा विणलेला हा माणूस! मला राहवलं न्हाई. ओसरीवर त्यांचीच बाज दोरीविना पडून होती. नायलॉनची दोरी आणली, बाज त्यांच्या अंथरुणाशेजारी ओढली आन् विणायला बसले. एक दोरी वर, एक खाली, प्रत्येक फेऱ्याला वहीतला एक शब्द मोठ्यानं. आबांची मान वळली. मला चेव चढला. विणत गेले ती थेट पायथ्याच्या लाकडापर्यंत, बोटभर जागा न सोडता.

आता बाजेचा पायथा वीतभर मोकळा ठेवतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाज सैल पडली की त्या मोकळ्या जागेत ओवलेली दोरी ओढून ताणायची असते. मी साफ विसरले. जन्मभर त्याच बाजेवर झोपून!

आबांचा चेहरा लालबुंद झाला. डावा हात बाजेवर आपटला. घशातून खरखर आली.

"उ... उसव!"

माझ्या हातातली दोरी गळाली. "आबा, पुन्यांदा म्हणा."

"उसव... येडे!"

रडू आन् हसू एकदमच आलं. दोन भाषांचे शब्द मी घसा फोडून ऐकवले होते, पण त्यांत हा नव्हताच. डोळे पुसले आन् पायथ्याकडून उसवायला बसले. चांगले पाच फेरे उसवले, तवा कुठं आबांनी "बास" म्हटलं.