डाव्या हाताची गिटार

ही फजिती मी स्वतःच सांगते, कारण आमच्या ह्यांच्याकडून ऐकलीत तर तिला दुप्पट फोडणी बसलेली असेल. चहाचा कप मात्र आधी खाली ठेवा. मागे आमच्या वन्संना ठसका लागला होता.

मी शाळेत बाई आहे, राहायला जुळे सोलापुरात. पन्नाशी उलटल्यावर मला इलेक्ट्रिक गिटार शिकायची लहर आली. का आली, ते विचारू नका. ओळखीत एकाची जुनी गिटार होती, ती घेतली आणि कॉलनीतल्याच एका तरुण सरांच्या क्लासला जायला लागले. वर्षभरात चार गाणी जमायला लागली. तेवढ्या बळावर शाळेच्या स्नेहसंमेलनात एक गाणं वाजवायचं मी कबूलही करून बसले.

अडचण एकच होती. गिटार सुरात राहीना. सूर लावायचा, दोन ओळी वाजवायच्या, की तिसऱ्या ओळीला तार उतरलेली. आता चूक कुणाची, तारेची की वाजवणारीची? मी ठरवलं, दोन्हींची नाही, खुंट्यांची.

गिटारच्या डोक्यावर तारा पिळायला ज्या खुंट्या असतात ना, त्यांना ट्युनर म्हणतात. आणि शोधता शोधता मला कळलं, की त्यातही लॉकिंग ट्युनर म्हणून एक प्रकार आहे. साध्या खुंटीला तार वेढे देऊन गुंडाळायची. ह्यात तार भोकात घालायची, मागचा बारीक स्क्रू बोटानं आवळायचा, की तार तिथंच पकडली जाते. वेढे नाहीत, म्हणून ते सैल होणंही नाही. केवढी साधी युक्ती! मला तर वेडच लागलं. आतमध्ये दातेरी चाकं असतात, काहींत मूठ पंधरा वेळा फिरवली की खुंटी एकदा फिरते, काहींत अठरा वेळा. पेपर तपासायचे सोडून मी हे वाचत बसायची. जेवताना ह्यांना समजावून सांगायची. हे म्हणायचे, भाजीत मीठ नाहीये.

शेवटी पुण्यातल्या एका दुकानाला फोन लावला. तिथला मुलगा लई नम्र. म्हणाला, तुमच्या गिटारला सहाही खुंट्या एकाच बाजूला असतील तर त्यात डाव्या-उजव्या हाताचे सेट वेगळे येतात, एक फोटो पाठवा, म्हणजे मी बघून सांगतो.

गिटार पलंगावर ठेवून फोटो काढता आला असता. पण खोटं कशाला बोलू, गिटार गळ्यात अडकवलेला माझा एकही फोटो नव्हता. हे बाहेर गेलेले. मग मी चांगली साडी नेसले, कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि आरशातला फोटो काढून पाठवला.

पाच मिनिटांत त्याचा फोन. "मॅडम, तुमची गिटार लेफ्ट हँड आहे."

मी म्हटलं, अहो, मी जन्मभर उजव्या हातानं लिहिते, जेवते. तो म्हणाला, तुमचा हात नाही, गिटार डाव्या हाताची आहे, आमच्या वेबसाइटवरच्या गिटारशी ताडून बघा. मी तो फोटो ताडून बघितला. खरंच की, बरोबर उलटी!

तुम्हाला वाटेल मला धक्का बसला. छे, मला आनंद झाला. एफ म्हणून एक कॉर्ड असते, एका बोटानं सहाही तारा दाबायच्या. वर्षभर मला ती जमत नव्हती. आता कारण सापडलं. बोट माझं ठीक होतं, वाद्यच उलट्या हाताचं होतं.

मी डाव्या हाताचे ट्युनर मागवले. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी सरांना फोन केला आणि वर्गात बोलते त्या आवाजात विचारलं, की वर्षभर समोर बसून एवढी साधी गोष्ट तुमच्या लक्षात कशी आली नाही? बिचारे हळूच म्हणाले, एकदा गिटार घेऊन या, बघू. मी म्हटलं, आता काय बघायचं राहिलंय?

आणि मग गिटार फिरवून घेतली. मान उजवीकडे, जाड तार खाली, बारीक वर. असा आठ दिवस सराव केला. बोटांना फोड आले. जी चार गाणी येत होती तीही गेली. शेवटी ह्यांना विचारलं, फरक वाटतो का काही? हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मला दोन्हीकडून सारखंच ऐकू येतंय."

संमेलन चार दिवसांवर आलं तेव्हा पार्सल आलं. जुन्या खुंट्या काढल्या, नव्या लावायला घेतल्या. एकही नीट बसेना. सरळ लावावी तर मूठ आतल्या बाजूला वळते, फिरवून लावावी तर स्क्रूचं भोक जुळत नाही. नवीन भोकं पाडायला मी ड्रिलसुद्धा मागून आणलं होतं, पण हात धजेना. निमूटपणे सरांना फोन केला. त्यांनी भवानी पेठेतल्या नरसय्या मिस्त्रींकडे जायला सांगितलं.

नरसय्या मिस्त्री म्हातारे, पेट्या आणि गिटारी दुरुस्त करतात. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, एकदा पालथी केली, एकदा उलथी.

"मॅडम, ही उजव्या हाताची हाय. माल तेवढा डाव्या हाताचा मागवलाय तुमी."

मला पटेना. मी पुरावा म्हणून मोबाइलमधला तो फोटो पुढं केला. त्यांनी चष्मा चढवला, फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले.

"तुमच्या मागं भिंतीवर कॅलेंडर दिसतंय. तेवढं वाचून दाखवा की."

मी वाचायला गेले. महिन्याचं नाव उलटं. आकडे उलटे. आणि त्याच्यापुढं चांगली साडी नेसलेली मीही उलटी.

मिस्त्री हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी जुन्याच खुंट्या परत बसवल्या आणि म्हणाले, ह्यांना काहीसुद्धा झालेलं नाही. मानेच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा जातात. तार ओढली की खाचेत अडकते आणि जागेवर परत येत नाही, म्हणून सूर उतरतो. मग विचारलं, "पेन्सिल हाय का?"

पर्समध्ये होती. तार सहज सरकावी म्हणून त्यांनी सहाही खाचांत शिसं घासलं, तारा चढवल्या, सूर लावला, आणि कितीही ओढलं तरी तो सूर हलेना.

पुढचं थोडक्यात सांगते. सरांना अर्धा किलो शेंगाचटणी नेऊन दिली आणि माफी मागितली. संमेलनात गिटार शेवटपर्यंत सुरात राहिली. मी दोनदा चुकले, पण त्यात तिचा दोष नव्हता. डाव्या हाताचा सेट अजून पडून आहे, सोलापुरात कुणी डावखुरा गिटारवाला असेल तर कळवा.

पण खरी परीक्षा मिस्त्रींच्या दुकानातच झाली. पेन्सिल परत देताना त्यांनी विचारलं, "शाळेत शिकवता जणू?"

"हो."

"काय शिकवता?"

आता गेली बावीस वर्षं मी आठवीला भूमिती शिकवते. आरशातल्या प्रतिबिंबात डावं-उजवं कसं उलटतं, ते दरवर्षी फळ्यावर आकृती काढून दाखवते, आणि ज्याचं चुकेल त्याला दहा वेळा काढायला लावते.

मिस्त्री माझ्याकडं बघत होते.

"मराठी," मी म्हणाले.