पेंटरच्या गाडीची पुढची पाटी

अर्ध्या शहराच्या गाड्यांचे नंबर ज्यांनी रंगवले, त्या पेंटरांच्या स्वतःच्या गाडीला पुढे पाटीच नव्हती. लोक तोंडावर चिडवायचे, "काय पेंटर, घरच्याच गिऱ्हाइकाला टांगून ठेवलंत होय?"

पेंटर हसून म्हणायचे, "तिचं तोंडच असं देखणं आहे. कारखान्याने पाटीला जागाच ठेवली नाही."

गाडी दोन दारांची, राखाडी, पन्नाशी उलटलेली. पुढचा बंपर असा लख्ख, की वाकून भांग पाडावा. मागची पाटी तेव्हा कायद्याला पुरायची, त्यामुळे कोणी हरकत घेतली नव्हती.

पेंटर तसे सरळ रेषेतले. दोन आकड्यांमधलं अंतर केसभर चुकलं तरी अख्खी पाटी टर्पेंटाइनने पुसून पुन्हा बसायचे. एका कंत्राटदाराला आकडे असे वळवून हवे होते, की लांबून त्याचं नाव वाटावं. पेंटरांनी कोरी पाटी त्याच्या हातात परत ठेवली. "आकडा आकड्यासारखाच दिसणार. नाटकं दुसरीकडे." पुढे यंत्रावर ठोकलेल्या पाट्या आल्या आणि सहा वर्षांपूर्वी दुकान बंद झालं. ब्रश मात्र ते अजून तेल लावून, केस सरळ करून ठेवत.

यंदा नियम बदलला. प्रत्येक गाडीला पुढेही पाटी हवी, नाहीतर वार्षिक तपासणीत गाडी नापास, म्हणजे रस्त्यावर आणायची नाही. सूट फक्त एक होती : जुन्या गाडीला मुळातच पुढे पाटीची सोय नसेल, तर मालकाने तसं सहीनिशी लिहून द्यायचं. त्या बंपरला ड्रिल लावायची नुसती कल्पनाही पेंटरांना सहन होईना. त्यांनी सूट मागण्याचा अर्ज आणला.

तपासणीच्या आवारात पेंटरीणबाई पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. तपासनीस बाई, त्यांच्या मुलीच्या वयाच्या, गाडीभोवती फिरून आल्या.

"काका, काय जपलीय हो गाडी! बंपरला ओरखडासुद्धा नाही. भरा अर्ज, मी शिक्का मारते."

पेंटरांनी सुवाच्य अक्षरात सगळे रकाने भरले. सहीपाशी पेन थांबलं.

"काय झालं?" पेंटरीणबाई हळूच म्हणाल्या. "शाई संपली?"

"आठवतंय का बघतोय."

"मला विचारा ना. बंपर मीच धरला होता. चार दिवस खांदा दुखत होता माझा."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गाडी जुनी घेतली, तेव्हा बंपरला कारखान्याचीच दोन भोकं होती. आधीच्या मालकाने पाटी काढून ठेवलेली. पेंटरांना ती भोकं पडलेल्या दातांसारखी दिसली. त्यांनी ती पितळेने भरली, कानशीने घासून सपाट केली आणि वरून नवा क्रोम चढवून घेतला. काम इतकं साफ जमलं, की देखण्या तोंडाची गोष्ट सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ती खरी वाटायला लागली होती.

"कुणाला कळणार आहे?" ते पुटपुटले.

"कुणालाच नाही," त्या म्हणाल्या. "त्या कंत्राटदाराची पाटी कुणी रंगवली, तेही कुणाला कळलं नसतं म्हणा."

पेंटरांनी पेनाचं टोपण लावलं. तपासनीस बाईंना गाडीपाशी नेलं आणि त्यांचं बोट बंपरच्या मागच्या बाजूने फिरवायला लावलं. "हे दोन उंचवटे लागले? ती भोकं होती. मीच बुजवली."

बाईंनी हात बाहेर काढला. "काका, मी मागे हात घालणार नव्हते हो."

"ते दिसलंच मला. नीट तपासत जा."

बाई हसल्या. "मग सूट नाही देता येत. पंधरा दिवसांत पाटी लावून आणा. आणि एवढ्या जुन्या गाडीला हाताने रंगवलेली चालते. माप बरोबर हवं."

"हाताने?" पेंटरांनी दोनदा विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बंपर उतरवला गेला. पेंटरीणबाईंनी तो गुडघ्यांत धरला आणि पेंटरांनी नेमकं पितळ तेवढं ड्रिलने काढलं. मूळच्या पत्र्याला धक्का लागला नाही. भोकं कारखान्याने ठेवली होती तिथेच, तेवढीच निघाली. मग त्यांनी काळा पत्रा कापला, पेन्सिलीने रेघा मारल्या, तेलातले ब्रश बाहेर काढले. सहा वर्षांत हाताची सवय मोडली होती. पहिला आकडा तीनदा पुसावा लागला. शेवटचा एका दमात उतरला.

पुन्हा आवारात गेल्यावर तपासनीस बाईंनी पाटीला मोजपट्टी लावली. उंची, जाडी, अंतर, सगळं बरोबर. या वेळी त्यांनी बंपरमागे हात घालून बोल्टही चाचपले आणि मग शिक्का मारला.

परतताना पेंटरांनी आवाराच्या फाटकापाशी गाडी थांबवली, खाली उतरले आणि पुढे जाऊन उभे राहिले.

"काय बघताय?" आतून पेंटरीणबाईंनी विचारलं.

"तिसरा आकडा जरा डावीकडे गेलाय."

"शिक्का मारलाय त्यांनी!"

"मारू दे," पेंटर म्हणाले. "घरी टर्पेंटाइन आहे ना गं?"