तपासणीचं पाणी

बाटलीबाईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता घरातसुद्धा कोणी उरलं नव्हतं. पाणी तपासणाऱ्या कार्यालयात ती नोकरीला होती. घरोघरच्या विहिरींचं पाणी बाटलीत भरायचं, चिठ्ठी चिकटवायची आणि प्रयोगशाळेत नेऊन द्यायचं. काम सोपं होतं, माणसं सोपी नव्हती. तपासणी म्हटली की लोकांना परीक्षा वाटते, आणि परीक्षा म्हटली की कॉपी आलीच. बाटलीबाई येणार असं कळलं की कोणी आदल्या दिवशी विहिरीत ब्लीचिंग पावडर ओतून ठेवी, इतकी की झाकण उघडताच डोळे चुरचुरावेत. कोणी तिची बाटली साबणानं लख्ख घासून देई. एका मास्तरांनी तर पाणी फडक्यानं गाळून, उकळून, गार करून तयारच ठेवलं होतं.

"अहो, तुम्ही रोज पिता ते पाणी हवंय मला!" बाटलीबाई करवादली.

"ते कसं देऊ, बाई? नापास झालो म्हणजे?"

अशा लोकांपुढे डोकं फोडून काही उपयोग नव्हता. म्हणून तिनं एक नियमच करून टाकला: दुसऱ्यानं भरलेली बाटली घ्यायची नाही. पंप स्वतः सुरू करायचा, नळीत साचलेलं पाणी वाहून जाऊ द्यायचं आणि मग आपल्या हातानं भरायचं. हा नियम तिनं एकदाच मोडला, तोही नणंदेसाठी.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. तिच्या शब्दाशिवाय घरातलं पान हलत नसे. तिच्या परसात विहीर होती आणि त्या विहिरीचा तिला भारी तोरा. जावयानं हौसेनं स्वयंपाकघरात क्षार काढून टाकणारा फिल्टर बसवून दिला, तर म्हणाली, "मेलेलं पाणी ते. भांडी विसळायला बरं." विहिरीला लागूनच तिची भाजीची बाग होती. तिथं ती शेणखत आणि युरिया सढळ हातानं टाकी, आणि कोबीचे गड्डेही असे धरत की येणाराजाणारा थबके. बाटलीबाईला मात्र ते गड्डे बघून धडकीच भरायची. खतातला नायट्रेट जमिनीत मुरतो आणि विहिरीत उतरतो. त्याला ना रंग, ना वास, ना चव. मोठ्या माणसाला तो एक वेळ पचून जाईल, पण त्यानं तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेणंच जमेनासं होतं. आणि नणंदेच्या मुलीचं बाळ जेमतेम दोन महिन्यांचं, पावडरच्या दुधावर वाढणारं. मुलगी कामावर जायची आणि बाळ दिवसभर आजीपाशी असायचं.

"वन्सं, एकदा पाणी तपासून घेऊ या ना," असं म्हणत ती हात धुऊन मागे लागली. शेवटी नणंद कधी नव्हे ती नमली.

"ठेव ती बाटली इथं. मी भरून पाठवते. तुला उगाच खेप नको."

सासरच्या थोरल्या माणसाला 'तुमच्यावर माझा विश्वास नाही' हे कुठल्या तोंडानं सांगायचं? बाटलीबाईनं मुकाट्यानं बाटली ठेवली.

अहवाल आला, एक प्रत नणंदेलाही गेली. पाणी उत्तम होतं, नको तितकं उत्तम. त्या गल्लीतलं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, आणि या बाटलीत क्षार औषधालासुद्धा नव्हते. बाटलीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तडक नणंदेचं घर गाठलं.

"वन्सं, बाटलीत कुठलं पाणी भरलं होतंत?"

"फिल्टरचं," नणंद अगदी सरळ म्हणाली. "तुझ्या साहेबांपुढे जायचं पाणी. म्हटलं, चारचौघांत तुझी मान खाली जायला नको."

"आणि बाळाला कुठलं देता?"

"त्याला ते मेलेलं पाणी देईन होय मी? त्याला विहिरीचंच. तेही निम्मं होईस्तोवर आटवून."

बाटलीबाईनं कपाळावर हात मारून घेतला. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट नाही. पाणी आटत जातं, तो तेवढाच राहतो आणि दाट होत जातो. आजी जितकी काळजी घेत होती, तितकं पाणी बाळाला अधिक बाधत होतं. तिनं पिशवीतून नायट्रेट तपासायची कागदी पट्टी काढली आणि बाळासाठी आटवलेल्या पाण्यात बुडवली. नायट्रेट जितका जास्त तितका रंग गडद; पट्टी बघता बघता गडद गुलाबी झाली.

"रंग छान आलाय की," नणंद म्हणाली.

आता हिला काय म्हणावं! उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात बाटलीबाईचं लक्ष बाळाकडे गेलं. ते निपचित पडलं होतं. ओठ आणि नखं वेगळीच दिसत होती.

"याचे ओठ असे कधीपासून आहेत?"

"बापावर गेलंय. सावळं आहे जरा."

"सावळं नाही हो वन्सं, निळं पडलंय ते!" तिनं बाळ उचललं आणि रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा थांबवली. नणंद अनवाणीच मागून आली. रिक्षात बाटलीबाईनं मनातल्या मनात नणंदेचे पुरते वाभाडे काढले. इतक्या वर्षांचं सगळं आज एकदाच ऐकवायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त घेतलं, ते तपकिरी आलं. मग शिरेतून औषध गेलं आणि हळूहळू बाळाच्या ओठांवर लाली फिरू लागली. बाळ जोरात रडलं तेव्हा कुठे दोघींच्या जिवात जीव आला. तेवढ्यात निरोप मिळालेली बाळाची आई कामावरून धावत आली.

"मामी, पाणी तर तू तपासलं होतंस ना? आई म्हणाली, पास झालं म्हणून!"

बाटलीबाई काही बोलायच्या आत नणंदच पुढे झाली.

"तिला काही बोलू नकोस. मी फसवलं तिला. पाणी मीच आटवलं, मीच पाजलं." मग ती बाटलीबाईकडे वळली. "रिक्षाभर दाबून ठेवलंयस ना? बोल आता."

बाटलीबाईनं तिच्याकडे पाहिलं. नणंदेचे अनवाणी पाय मातीनं भरले होते आणि ती भिंतीला टेकून उभी होती.

"वन्सं, आधी खाली बसा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.