मुलं ऐकतात

आमच्या शाळेतल्या कर्णबधिर मुलांच्या वर्गाचं अनुदान मी बुडवलं. पैसे खाल्ले नाहीत की कागद हरवला नाही. आधी हाताची बोटं हलवली आणि मग दोन शब्द बोललो, एवढ्यावर काम झालं. पुढे बारा-तेरा वर्षं तो दोष मी दुसऱ्याच्या माथी राहू दिला, ती चूक त्याहून मोठी.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वडील तारापूरच्या वीज केंद्रात नोकरीला लागले म्हणून आम्ही साताऱ्याकडून बोईसरला आलो होतो आणि मला तिथल्या एका खाजगी शाळेत लिपिकाची जागा मिळाली होती. शाळेत लिपिकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. तेविसाव्या वर्षी भाऊसाहेब झालेला माणूस जरा हवेत असतोच.

शाळेच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली होती. तिथे हा वर्ग भरे. मुलं एकूण नऊ; ती नवापूर, मुरबे, बेटेगाव अशा गावांतून येणारी, आणि त्यांना शिकवणाऱ्या बाई एकच. बाई रोज पालघरहून एसटीने येत. संस्थेने वर्ग उघडला होता खरा, पण पुढचं सगळं सरकारी अनुदानावर अवलंबून होतं. ते मंजूर झालं की बाईंचा पगार नियमित होणार होता आणि मुलांना कानाची यंत्रं मिळणार होती.

त्या यंत्राची सगळ्यात जास्त गरज होती मुरब्याच्या एका मुलीला. वय असेल आठ-नऊ. तिच्या डाव्या कानात थोडंसं ऐकणं शिल्लक आहे, यंत्र लवकर लागलं तर ही बोलायला लागेल, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिची आई बोईसरच्या बाजारात मासे विकायची. दर आठवड्याला टोपली घेऊन शाळेच्या फाटकाशी यायची आणि मला विचारायची, "भाऊसायेब, मिशिन आली का?"

"अजून तपासणी व्हायची आहे, मावशी."

"मंग करा ना तपासनी. तुमाला कोन नाय बोलला?"

शेवटी तपासणीचं पत्र आलं. आता इथे मला आमच्या शाळेची एक रीत सांगितली पाहिजे. तपासणीला साहेब आले की प्रत्येक प्रश्नाला सगळ्या वर्गाने हात वर करायचे. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. साहेबांना हातांचं जंगल दिसे, आणि गुरुजी नेमका उजवा हात हेरून मुलाला उभं करत. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चालू होतं. तपासणी म्हणजे मुलं हुशार दिसली पाहिजेत, एवढंच मला ठाऊक होतं. मागच्या खोलीतल्या मुलांनीच का मागे राहावं, असं मला मनापासून वाटलं.

आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई चहाला गेल्या तेव्हा मी त्या खोलीत शिरलो. प्रत्येक मुलाला त्याचा हजेरी क्रमांक बोटांनी दाखवला. मी जितकी बोटं दाखवीन त्या क्रमांकाने उठायचं आणि येईल तसं "हजर" म्हणायचं. मुलांना हा खेळ फारच आवडला. मुरब्याच्या मुलीचा क्रमांक पाच होता. तिला तर खेळ एवढा कळला की बाकीच्यांच्या चुका तीच सुधारू लागली. मी सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या आणि हे बाईंना सांगायचं नाही, असं ओठांवर बोट ठेवून बजावलं. बोलता न येणाऱ्या मुलांना मी गुपित राखायला सांगत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

साहेब ठाण्याहून आले. बारीक अंगाचे, शांत गृहस्थ होते. हेडसर त्यांच्यासाठी पापलेट मिळवायला गेले होते, कारण साहेब मांसाहारी आहेत अशी पक्की खबर होती. ती चुकीची निघाली, पण ते दुपारी कळलं. साहेबांनी बाईंना सांगितलं, "बाई, तुम्ही बाहेर थांबा. मुलं तुमचे ओठ वाचतील." मग त्यांनी हजेरीपट स्वतःच्या तोंडासमोर धरला. माणूस हुशारच होता. फक्त खुर्चीमागे उभ्या असलेल्या लिपिकाला बाहेर काढावं असं त्यांना सुचलं नाही. लिपिकाला कपाटासारखं धरतात, तो असतो तिथे असतो.

साहेबांनी पहिलं नाव घेतलं. मी पोटाशी एक बोट दाखवलं. पहिला मुलगा ताडकन उठला, "अजअ!" दुसरं नाव, दोन बोटं, "हज!" अशी नऊच्या नऊ मुलं उठली. पाचव्या क्रमांकाची तर साहेबांनी तिचं आडनाव उच्चारायच्या आतच उभी. साहेबांनी हजेरीपट खाली घेतला, पुन्हा तोंडापुढे धरला आणि उलट्या क्रमाने नावं घेतली. माझी बोटंही उलटी चालू लागली. एकही चूक झाली नाही.

मग साहेबांनी शिपायाला खुणेने मुलांच्या मागे पाठवलं. त्याच्या हातात पोहे खाऊन झालेली स्टीलची ताटली होती. माझं सगळं लक्ष बोटांकडे. ताटली फरशीवर आदळली तेव्हा मी अक्षरशः वीतभर उडालो आणि आवाजाच्या दिशेने पाहिलं. मुलं माझ्याकडेच टक लावून बसली होती. हाही खेळाचाच भाग असणार असं समजून नऊही मुलं जागच्या जागी उडाली आणि मी पाहिलं तिकडे वळून पाहू लागली.

साहेबांनी हजेरीपट मिटला. मग मान वळवून मला विचारलं, "काय हो, ही मुलं ऐकतात?"

आमच्याकडे हा प्रश्न प्रत्येक तपासणीला विचारत. मुलं ऐकतात का, म्हणजे दंगा करत नाहीत ना, शिक्षकांच्या धाकात आहेत ना. मी अभिमानाने म्हणालो, "हो साहेब, एकदम ऐकतात! एका शब्दात ऐकतात."

"एका शब्दात?"

"पुन्हा सांगावं लागत नाही साहेब. बाकीच्या वर्गांपेक्षा ही जास्त ऐकतात."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, शाबासकी लिहिली.

महिन्याभराने पत्र आलं. टपाल उघडून आवक नोंदवहीत नोंद करणं माझंच काम. "सदर वर्गातील सर्व विद्यार्थ्यांना ऐकू येत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले असून शाळेच्या लिपिकांनीही तसे सांगितले आहे. सबब अनुदान अनुज्ञेय नाही." मी ते पत्र तीनदा वाचलं. हेडसरांकडे नेलं तेव्हा शाईची बाटली मुद्दाम नव्हे, हात थरथरल्यामुळेच, "लिपिकांनीही" या शब्दापासून ओळीच्या शेवटापर्यंत सांडली. मुद्दाम नव्हे असं मी आजही म्हणतो, पण माझ्यावर फार विश्वास ठेवू नका.

हेडसरांनी बाईंना बोलावलं. "बाई, इतकं कशाला शिकवलंत हो? थोडं तरी बहिरं ठेवायचं!"

बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "सर, मी ओठ वाचायला शिकवलं, पण साहेबांचे ओठ तर हजेरीपटामागे होते म्हणे..." मग स्वतःशीच म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल." मी तिथेच उभा होतो. माझी जागा अजून कायम झाली नव्हती. मी गप्प राहिलो.

बाईंनी एकेका पालकाला बोलावून माफी मागितली. मुरब्याच्या मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना माझ्यापाशी थांबल्या. "भाऊसायेब, सरकारला माजी पोर ऐकताना दिसली. मंग माज्या हाकेला ती का वळत नाय?" मी नोंदवहीत डोकं घातलं.

बाई त्या वर्षभर बिनपगारी आल्या. मुंबईहून नवे दाखले आणले, पुन्हा अर्ज केला. दुसऱ्या तपासणीच्या दिवशी मी पोट दुखतंय म्हणून घरी पडून राहिलो. त्या दिवशी मुलं कुणाकडेच न बघता गप्प बसली, ताटली तीनदा आपटली, आणि अनुदान मंजूर झालं. यंत्र आलं, पण पूर्ण एक वर्ष उशिरा. ते एक वर्ष त्या मुलीच्या बोलण्यात नेहमीच उणं राहिलं असं मला वाटतं. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. मी विचारलंच नाही.

नव्वदच्या दशकात बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. हेडसर म्हणाले, "तो किस्सा टाकाच भाऊसाहेब. बाईंनी इतकं शिकवलं की साहेबांना मुलं बहिरी वाटेनात!" मी तो टाकला. समारंभात मीच तो वाचला. लोक पोट धरून हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

त्या संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर, त्यांच्या हातातली शाल-नारळाची पिशवी माझ्या हातात घेऊन मी सगळं सांगितलं. बोटं, गोळ्या, ताटली, "एकदम ऐकतात". बाईंनी ते रस्त्याकडे बघत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच समजत होते, की मी फार चांगलं शिकवते." आणि एसटी आल्यावर पिशवी माझ्याकडून ओढून घेत, "माझं सोडा हो. वर्ष जिचं गेलं तिला सांगा. नवापूर नाक्यावर शिवणकाम करते ती."

मी रविवारी गेलो. छोटं दुकान, मशीनवर ती, कानामागे यंत्र. मला पाहताच तिने ओळखलं आणि हसून पंजा वर केला. पाच बोटं. तो खेळ तिच्या लक्षात होता, चांगली आठवण म्हणून. मी मान खाली घातली आणि पायांकडे बघत पुटपुटायला लागलो.

तिने टेबलावर कात्री वाजवली. "भाऊ," ती तिच्या जड उच्चारात म्हणाली, "तोंड वल कल. दिसत नाय."

मान खाली घालून तिची माफी मागता येत नव्हती. मी चेहरा वर केला, खिडकीच्या उजेडात उभा राहिलो आणि तिच्या डोळ्यांसमोर, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "तो खेळ माझी चूक होती. त्यामुळे तुझं यंत्र एक वर्ष उशिरा आलं. बाईंचा दोष नव्हता. माझा होता. मला माफ कर."

तिने भुवया उंचावून बोट गोल फिरवलं, म्हणजे पुन्हा. मी पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं.