केरबाचा भाता

"मालक, हिच्या पोटात सहा जणं हायती. त्यातलं मागनं दुसरं खोकतंय."

अडतीस सालची गोष्ट. म्हसवडाकडचं पाणी आटलं की केरबाच्या लोकांनी मेंढरं घेऊन खाली बागायती मुलखात यायचं, कुणाच्या तरी रानात कळप बसवायचा आणि लेंडीखताच्या बदल्यात जोंधळं घ्यायचं, ही वहिवाट. त्या साली केरबाचा कळप शिराळ्याच्या अलीकडं इनामदार लालासाहेबांच्या रानात बसला होता. आणि खुद्द लालासाहेब रानाकडेच्या रस्त्यावर, मोटारीचं टोपण उघडून, घामाघूम होऊन उभे होते. त्यात हा कांबळं पांघरलेला विशीतला गडी मागं येऊन असलं काहीतरी बोलला.

लालासाहेब कावले. "मेंढक्या, तुला काय कळतंय रं यातलं?"

"यातलं न्हाई कळत. खोकल्यातलं कळतंय."

दोनशे मेंढरांत अंधारात एक खोकलं तर ते कुठल्या अंगाचं, तरणं का म्हातारं, हे केरबाला घोंगड्यातनं तोंड न काढता कळायचं. लालासाहेबांनी सहा प्लगांतला मागनं दुसरा खोलला. काळाकिट्ट निघाला. पुसून बसवला, हँडल मारलं, तशी गाडी सरळ बोलायला लागली. मेंढरं पुढच्या गावाला गेली, केरबा मागं राहिला तो राहिलाच.

गाडी जर्मनीची होती. लांब नाकाची, दोनच माणसांची. हौस फिटलेल्या कुण्या संस्थानिकाकडनं लालासाहेबांनी ती मुंबईत घेतली होती. तशी चालायला ती चार गाड्यांसारखीच. पण पायाखालची पट्टी पार फळीला टेकेपर्यंत दाबली, की इंजिनाच्या तोंडाशी बसवलेलं एक यंत्र जागं व्हायचं. त्याच्या पोटात डमरूच्या आकाराची दोन चाकं, एकमेकांना न शिवता, मधी कागदाएवढी फट ठेवून गरगरायची आणि बाहेरची हवा दाबून दाबून इंजिनाच्या नरड्यात कोंबायची. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव होतं. केरबानं एकदा बघितलं आणि म्हणाला, "मालक, ह्यो तर लोहाराचा भाता!" तेव्हापासनं घरची, गावची सगळी माणसं त्याला भाताच म्हणायला लागली.

भाता लागला की गाडी नुसती पळायची नाही, ओरडायची. सनईवाल्यानं दम न सोडता एकच उंच सूर धरावा, आणि सनई मात्र लोखंडाची असावी, तसला आवाज. पेठेच्या बाजारात मोटार दिसायच्या आधी बैलं दावी तोडायची.

पण भाता फुकट वारा घालत नाही. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, वीस आकडे मोजेपर्यंत दाबा आणि सोडा. लालासाहेब चाळीस मोजायचे, आणि तेही सावकाश. एका खेपेला झडपा जळायच्या, दुसऱ्या खेपेला इंजिनाच्या डोक्याखालचं गॅस्केट फुटून पाणी तेलात उतरायचं, भात्याला गती देणाऱ्या चकत्या तर दर उन्हाळ्याला झिजून गुळगुळीत. लालासाहेबांची घटकाभर मौज म्हणजे केरबाची आठ दिवस पाठ गाडीखाली. तो उताणा पडून चिडायचा, "मालक, गाभणी मेंढी पळवल्यागत पळवता तुमी हिला." लालासाहेब हसायचे. "आरं, पळवायलाच आणली हाय. दारात बांधायला म्हशी काय कमी हायत?"

आणि खरं सांगायचं तर केरबाही तसा धुतल्या तांदळाचा नव्हता. डावीकडच्या खुर्चीत बसून तो इंजिनाच्या उष्णतेच्या काट्यावर डोळा ठेवायचा, पण त्याचा उजवा पाय आपसूक खालची फळी दाबत असायचा. गाडी तो चालवायचा, नाही असं नाही. शिराळ्याला न्यायचा, धुऊन आणायचा. पण भात्यापर्यंत पाय न्यायची मुभा त्याला नव्हती. त्याच्या अलीकडं एक बोट, तेवढ्यावरच सगळं थांबायचं.

एकेचाळीसच्या उन्हाळ्यात वाईच्या पुढं पसरणीच्या घाटानं लालासाहेब पाचगणीला चढले. वर पोचल्यावर टोपी काढून वारा घेत म्हणाले, "केरबा, माझी कंबर आता साथ देईना. पुढल्या साली घाट तू चढवायचा. भात्यासकट."

खाली येईपर्यंत केरबाचे कान तांबडेलाल होते.

पुढलं साल आलंच नाही. पावसाळ्यात पेट्रोलला कुपनं लागली, लढाईची झळ गावापर्यंत आली, आणि गाडी गोठ्याशेजारच्या खोलीत चार दगडांवर चढली. मोटारीतला माणूस म्हणून फौजेनं केरबाला हसत घेतलं. जायच्या आदल्या दिवशी त्याचा जीव भात्यात अडकला. बाकीच्या इंजिनाला तेल होतं, पण ह्या उघड्या चाकांना गंज चढला तर? मोटारीचं तेल त्या दिवसांत मिळत नव्हतं. मग त्यानं तेच केलं जे त्याच्या बापानं, आज्यानं जिनसा टिकवायला केलं होतं. विहिरीच्या मोटेचं चामडं वर्षानुवर्षं पाण्यात राहून कुजू नये म्हणून आपल्याकडं करडईचं तेल कढवून कढवून चोपडतात. केरबाच्या बायकोनं, सुलाबाईनं, तेल कढवलं, आणि त्यानं तांब्याभर तेल भात्याच्या पोटात ओतलं. हातानं चाकं फिरवून सगळीकडं बसवलं. तोंड फडक्यानं बांधलं. "आता धा वर्सं काय हुत न्हाई," म्हणाला आणि मिरजेला जाऊन आगगाडीत बसला.

मिसर म्हणजे इजिप्तच्या वाळवंटात लष्करी कारखान्यात त्याचा हवालदार होता नाथाजी, खटावाकडचा. एका दुपारी लॉरीच्या सावलीत चहा पिताना केरबानं त्याला सगळं रंगवून सांगितलं. नाथाजीनं मगमधला चहा वाळूत ओतला.

"करडईचं? कढवून?"

"व्हय. मोटंला लावतात तसं."

"आरं येड्या, मोटंला ते का लावतात? सुकून लाखंगत घट हुतं म्हनूनच न्हवं? तू भात्याला तेल न्हाई दिलंस. सरस दिलास, सरस!"

तिथनं पुढं साडेतीन वर्षं केरबानं शेकडो लॉऱ्या उघडल्या, मिटल्या, आणि दर वेळी हाताला चिकट तेल लागलं की तो बोटं फडक्याला घासत राहायचा. लढाई कोण जिंकतंय ह्याची कंपनीत पैज लागायची, तेव्हा हा मनातल्या मनात त्या कागदाएवढ्या फटीत शिरून बसलेला असायचा. त्यानं एका कारकुनाकडनं लालासाहेबांना पत्रही लिहून घेतलं: भात्याला हात लावू नका, लावला तर मोडेल, मी आल्यावर बघतो.

सेहेचाळीसच्या जानेवारीत सुटून तो गावात आला आणि घरी न जाता आधी इनामदारांच्या दारात गेला. लालासाहेब वाकले होते, हातात काठी होती. त्यांनी त्याला पायांपासनं टोपीपर्यंत न्याहाळलं.

"आलास? तुझ्या भत्त्याला कुनी हात लावला न्हाई बरं का!"

"भत्ता?"

"मग काय तर! 'माझ्या भत्त्याला हात लावू नका, लावला तर मोडेन.' असलं पत्तर इनामदाराला? मी काय तुझा पगार खाणार हुतो रं?"

कारकून पुण्याकडचा होता. त्याला भाता ठाऊक नव्हता, भत्ता ठाऊक होता. केरबाला हसावं का रडावं कळेना. त्यानं खरं काय ते सांगितलं. लालासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी तूच मारलास त्याला."

"व्हय मालक."

"मग तूच उठीव. मी कुपनं राखून ठेवलीत. उन्हाळ्यापातूर भाता बोलला तर घाट तुझा. बोललो हुतो मी, ध्यानात हाय."

केरबानं भाता उतरवला. आतली चाकं मधात माशी बसावी तशी जागच्या जागी जाम, पिवळी. ठोकायची सोय नाही, कारण जरा ओरखडा आला तरी फट बिघडणार. खरवडायचीही नाही. रॉकेलात दोन आठवडे बुडवून ठेवलं, वरचा थर मऊ झाला, आतला हलेना. ऊब पाहिजे होती. चुलीची नव्हे, त्यात रॉकेल पेटायचं. मंद, रात्रंदिवस सारखी ऊब.

ती लालासाहेबांच्या उकिरड्यात होती. केरबानं रॉकेल भरलेल्या डब्यात भाता घातला, झाकण घट्ट बसवून मातीनं लिंपलं आणि शेणखताच्या पोटात कमरेएवढा खड्डा काढून पुरला. सुलाबाई पदर तोंडाला लावून बघत होती.

"साडेचार वर्सांनी आलासा, आनि बायकूजवळ बसायचं सोडून उकिरड्याजवळ बसताय व्हय!"

"तुजंच तेल निस्तरतोय."

"तेल माजं, अक्कल कुनाची?"

नवव्या दिवशी डबा काढला. वाफा निघत होत्या. केरबानं भाता मांडीवर घेतला, अंगठा आत घालून चाक जरा ढकललं. ते गेलं. सुईभर, पण गेलं. तो तिथंच, शेणात मांडी घालून, संध्याकाळपर्यंत चाक पुढं-मागं करत बसला.

मे महिन्यात, वाईत इंजिन गार करून, घाटाच्या पायथ्याला लालासाहेब डावीकडच्या खुर्चीत बसले. दोन्ही हात काठीच्या मुठीवर. "चल गड्या," म्हणाले, "आता मी काटा बगतो."

पहिली वळणं केरबानं जपून घेतली. मग रस्ता डोंगराच्या अंगाला लांब सरळ लागला. त्यानं पाय नेला, एक बोट उरलं, तेही गेलं, पट्टी फळीला टेकली. क्षणभर काहीच नाही. आणि मग पुढनं तो सूर निघाला. पाठ खुर्चीत रुतली. खालची कृष्णा, धोमाकडचे मळे, सगळं मागं सांडत गेलं. केरबा मेंढरं मोजतो तसा पाच-पाचाच्या मुठीनं मोजत होता. चार मुठी झाल्या, सोडलं. वळण. पुन्हा दाबलं. लालासाहेब काहीतरी ओरडत होते, शिव्या होत्या का शाबासकी, कळत नव्हतं. केरबाच्या डोळ्यांना वाऱ्यानं पाणी येत होतं आणि तो पुसत नव्हता.

वरची दोनच वळणं राहिली तेव्हा त्यानं तिसऱ्यांदा पाय खाली नेला. दुसऱ्या मुठीला त्याला ऐकू आलं.

सुराच्या खाली, लय खोल. टक. टक. टक.

केरबानं पाय उचलला.

"का सोडलास?" लालासाहेब म्हणाले. "ईस कुठं झालं?"

"खाली ठोकतंय मालक. बेअरिंग."

"मला न्हाई ऐकू येत."

"मला येतंय."

लालासाहेबांनी काट्याकडं बघितलं, वरच्या वळणाकडं बघितलं, मग केरबाकडं. "दोन तर वळणं हायत. गाडी तुझ्या हातात दिलीया. न्हे वर. फुटली तर फुटली, मी इचारणार न्हाई."

गाडी रांगत होती. पाय पट्टीवर होता. ठोका त्याच्याशिवाय जगात कुणाला ऐकू येत नव्हता, आणि खुद्द मालक सांगत होते न्हे म्हणून. पाच वर्षं ज्याच्यासाठी काढली ते दोन वळणांवर होतं. आणि हिचं दुखणं वर पोचेपर्यंत काय होईल हेही त्याला ठाऊक होतं: पिस्टनचा दांडा तुटून इंजिनाच्या कुशीतनं बाहेर.

त्यानं कडेला घेऊन किल्ली फिरवली. सगळं गप्प झालं. मग ब्रेक सोडला आणि गाडी उलटी घेऊन, तोंड फिरवून, इंजिन बंद ठेवून, नुसत्या उतारानं वाईपर्यंत आणली.

खालचं तेल काढलं तर त्यात बेअरिंगचा चांदीसारखा चुरा चमकत होता. जर्मनीहून बेअरिंग मागवावं तर तिथले कारखाने बाँबखाली गेलेले. कोल्हापूरच्या एका कारागिरानं धातू ओतून दिला, चांगला दिला. पण म्हणाला, साधी चालवा, पाहिजे तेवढी चालवा, दाबाला हा धातू टिकायचा नाही. केरबानं भाता उतरवला, त्याच्या जागेचं उघडं तोंड पत्र्यानं बंद केलं. पुढं दोन-तीन वर्षं लालासाहेब त्या गाडीतनं कोथिंबीर, दोडकी घेऊन कराडला जायचे. बैलं आता मानसुद्धा वर करायची नाहीत. लालासाहेब गेल्यावर ती कुणा व्यापाऱ्यानं नेली. भाता नको म्हणाला, तो केरबाकडं राहिला.

केरबा पुढं सरकारी मोटारीवर, एस.टी.वर, लागला, वाई-पाचगणी. दिवसातनं दोन वेळा तो घाट. एकदा सुलाबाई त्याच्या गाडीत होती, बहिणीकडं निघालेली. त्याच्या मागच्याच बाकावर बसली. घाट निम्म्याच्या वर चढल्यावर तिनं वाकून विचारलं, "आवं, पाय कुठं उचलला हुता?"

"ह्यो काय. हितं."

तिनं खिडकीतनं बघितलं. करवंदीची जाळी आणि एक दगडी कठडा. मग तिनं वर बघितलं.

"येवढीच ऱ्हायली हुती? आन् सारं आविष्य झुरताय? रोज तर चढताय की."

"रोज चढतो," केरबा म्हणाला.

मोटार दम लागल्यागत कण्हत वळणाशी आली. टपावर कोंबड्यांच्या पाट्या होत्या. केरबानं गिअर खाली घेतला, आणि त्याचा उजवा पाय, त्याला न विचारता, पट्टी पार फळीपर्यंत दाबून गेला. मोटार तेवढीच कण्हत राहिली. मागनं कुणीतरी ओरडलं, "आवं डायवर, सावकाश! कुठं जायचं हाय एवढं?"

केरबानं पाय तसाच ठेवला, वळण संपेपर्यंत.