कोयोटीची न सांगितलेली गोष्ट

गेल्या शनिवारी सिंगापूरच्या तोआ पायोहमध्ये सहा मुलांनी मला गोष्ट सांगूच दिली नाही... आणि मी अजून हसतेय.

माझ्या मैत्रिणीच्या, केतकीच्या फ्लॅटवर दर शनिवारी मराठी मुलांसाठी गोष्टींचा तास असतो. या वेळी पाळी माझी होती. मी पॉनी लोक निवडले... अमेरिकेतले मूळ रहिवासी, मक्याला आई म्हणणारे, मातीच्या गोल घरात राहणारे.

त्यांच्या गोष्टींत एक लबाड कोयोटी असतो, आपल्या कोल्ह्याचा तिकडचा चुलतभाऊच. त्याची एक गोष्ट मी आवाजांसकट पाठ केली होती.

शुक्रवारी वन-नॉर्थच्या ऑफिसातून घरी येताना एमआरटी मेट्रोत पॉनी गोष्टींचं पुस्तक पुन्हा उघडलं आणि आधी नजरेतून सुटलेली ओळ दिसली. कोयोटीच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या, साप जमिनीत झोपलेले असताना, अशी त्यांची जुनी रीत! एरवी आकाशातल्या कोयोटीच्या ताऱ्याला आपल्याविषयी बोललेलं खपत नाही. तो सापांच्या ताऱ्याला सांगतो, तो सापांना कळवतो, आणि साप बोलणाऱ्याला चावतात...

आता सिंगापूरला कुठला हिवाळा? इथले साप बारा महिने जागे!

हसू नका. दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही, आईनेच घरी शिकवलं. दुसऱ्याच्या घरची गोष्ट त्याच्या नियमासकट घ्यायची, हा तिचा धडा. पण मुलं आठवडाभर वाट बघत होती, त्यांना काय सांगू?

बाबा मरीन इंजिनियर, सध्या जहाजावर. त्यांना फोन केला, तर म्हणाले, "अगं, एसी सोळावर लाव. झाला हिवाळा!"

शनिवारी केतकीकडे खरंच लावला. मुलं चादरी गुंडाळून बसली. आधी आम्ही पॉनींचं घर केलं. चार मुलं झाली खांब, मधे चुलीच्या जागी टॉर्च. दार पूर्वेला हवं होतं... पण पूर्वेला केतकीचं वॉशिंग मशीन निघालं. मग तेच दार.

आता गोष्ट. तोंड उघडलं, पण मला राहवेना. सापांचा नियम सगळा सांगून टाकला आणि विचारलं, "काय करू या?"

केतकीची आठ वर्षांची इरा चादरीतून तिच्या सिंगापुरी इंग्रजी-मराठीत म्हणाली, "ताई, कॅनॉट ला! आमच्या ब्लॉकखालच्या ड्रेनमध्ये लास्ट वीक पायथन होता. तो अवेक आहे."

"पण इथे एसी आहे ना गं..."

"त्याला कुठे एसी आहे? आणि चावेल तुलाच, आम्ही फक्त ऐकणार."

सहाही जणांनी होकारार्थी माना डोलावल्या. गोष्ट कॅन्सल! उरलेला वेळ पायथन कुठे लपला असेल यावरच गेला. जाताना इराने मला बजावलं, "डिसेंबरमध्ये आम्ही टोरांटोला मावशीकडे जाणार आहोत. तू पण चल, तिथे सांग."

नियम पाळला तर मुलं हिरमुसतील म्हणून मी रात्रभर तळमळले होते... आणि त्यांना तर गोष्टीपेक्षा नियमच जास्त आवडला. ही रीत जपणाऱ्या पॉनी आजी-आजोबांना माझ्या क्वीन्सटाउनच्या घरातून मनापासून नमस्कार.

गोष्ट अजून पाठ आहे. रोज ऑफिसला जाताना मनात म्हणून बघते... फक्त आमच्या ब्लॉकखालच्या ड्रेनपाशी आलं की गप्प होते.